इंजिनचा ब्लॉक तडकला: रिपेअर करायचा की बदलायचा, कसं ठरवायचं

मिस्तरी "ब्लॉक तडकला भाऊ" म्हणाला, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनचा मुख्य ओतीव भागच तडकला, की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. माणूस एकतर त्याच संध्याकाळी वेल्डिंगवाल्याकडे ब्लॉक टाकून येतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी जुनं इंजिन शोधायला निघतो. दोन्हीत घाई आहे आणि दोन्हीत पैसे उगाच जायची भीती आहे. तडा किती लांब आहे याला फार महत्त्व नाही, तो कुठं आहे याला आहे, आणि त्याच्याही आधी तो खरंच ब्लॉकलाच आहे का हे बघायचं असतं. या क्रमानं गेलं तर निर्णय बराचसा आपोआप होतो.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ऊन. भुसावळ-जळगाव ४५ च्या पुढं गेलं की रोटाव्हेटर मारणारे ट्रॅक्टर, रावेर-सावद्याहून केळी भरून निघालेले ट्रक, कन्नडचा घाट नाहीतर शिरपूरच्या पुढं बिजासनचा घाट चढणाऱ्या गाड्या, सगळ्यांचे काटे वर जातात. त्यात आपल्याकडे बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये टाकायची सवय. वर्षानुवर्षं ते टाकलं की रेडिएटरच्या नळ्या आणि ब्लॉकमधले पाण्याचे रस्ते पांढऱ्या थरानं भरतात आणि मग कितीही पाणी टाका, उष्णता बाहेर पडत नाही.

गाडी गरम झाली त्या वेळी

पाणी निघून गेलेलं असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा. पुढच्या गावापर्यंत नेऊ, ढाब्यापर्यंत नेऊ असं करू नका, कारण ब्लॉक तिथंच जातो. बॉनेट उघडून ठेवा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं आणि झाकण फिरवलं की तोंडावर येतं. तासभर तरी जाऊ द्या.

आणि तापलेल्या इंजिनमध्ये विहिरीचं गार पाणी ओतू नका. बहुतेक ट्रॅक्टर-ट्रकचे ब्लॉक बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. बिडात साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते कडक असतं पण ताण सोसत नाही, लोखंड वाकतं तसं बीड वाकत नाही, सरळ तडकतं. एका बाजूनं एकदम गार झालं की तिथं आकसतं, बाकीचं गरमच असतं, आणि दोन्हीच्या मध्ये तडा जातो. कितीतरी ब्लॉक गरम होऊन गेलेले नसतात, नंतरच्या गार पाण्यानं गेलेले असतात.

तडा ब्लॉकलाच आहे का

पाणी कमी होतंय, बाहेर थेंब नाही, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं, सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. यातलं एकही लक्षण एकट्या ब्लॉकचं नाही. जास्त करून हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्याच्यावर बसणारं हेड यांच्यामधली पट्टी) गेलेलं असतं, त्यानंतर हेड तडकलेलं किंवा वाकलेलं, मग लायनरची (सिलिंडरमध्ये बसवलेल्या सुट्या नळीची) खालची रबरी रिंग, मग ऑइल कूलर, आणि ब्लॉकचा नंबर सगळ्यात शेवटी येतो. नव्या डिझेल गाड्यांमध्ये ईजीआर कूलर (जळालेला गॅस परत इंजिनात सोडायच्या आधी गार करणारा भाग) फुटला तरी पाणी गायब होतं आणि पांढरा धूर येतो, तिथं ब्लॉकचा काही संबंधच नसतो.

चोपड्याकडच्या एका आबांच्या ट्रॅक्टरचं उदाहरण सांगतो. ब्लॉकच्या बाजूनं पाणी झिरपत होतं, मिस्तरीनं तडा म्हणून सांगून टाकलं, इंजिन उतरवायचं ठरलं. दुसऱ्या एकानं आधी स्टार्टर काढून बघितला तर त्याच्या मागं ब्लॉकमध्ये बसवलेली पत्र्याची गोल टोपी गंजून टाचणीएवढं भोक पडलेलं. टोपी बदलली, काम संपलं. ब्लॉक ओतताना राहिलेली भोकं बंद करायला या टोप्या असतात आणि साध्या पाण्यानं त्या आतून गंजतात, त्यामुळे बाहेरून गळती दिसली तर आधी स्टार्टर, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड, फिल्टरचं हाउसिंग यांच्या मागं बॅटरीचा उजेड मारून नीट बघा.

आता तपासणी. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटर तोंडापर्यंत भरा, झाकण उघडं ठेवून स्टार्ट करा. पहिल्या मिनिटातच सारखे बुडबुडे येत असतील, ऍक्सिलरेटर दिला की वाढत असतील, तर जळालेला गॅस पाण्यात घुसतोय, म्हणजे गॅस्केट, हेड किंवा ब्लॉकचा वरचा भाग. ऑइल पांढरं झालेलं असेल तर मात्र स्टार्ट करूच नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही, एवढ्याशा टेस्टसाठी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) घालवून बसाल.

ऑइलमध्ये पाणी आहे का हे बघायची बिनखर्चाची पद्धत म्हणजे गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवायची, सकाळी चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट अगदी हळू, थोडासाच सैल करायचा आणि खाली काचेची बरणी धरायची. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, म्हणून पाणी असेल तर आधी तेच येतं, मग काळं ऑइल. फक्त ऑइल टाकायच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस आहे आणि चेंबरमधून स्वच्छ ऑइल येतंय, तर थंडीच्या दिवसात कमी चालणाऱ्या गाडीत तो नुसता वाफेचा ओलावा असू शकतो, घाबरायचं कारण नाही.

पुढची पायरी प्रेशर टेस्टची. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरतात, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघतात. काटा उतरला आणि बाहेर कुठं थेंब नाही, तर पाणी आत जातंय. त्याच वेळी चेंबर उतरवून खालून बघता आलं तर उत्तमच. लायनरच्या खालच्या कडेनं थेंब येत असेल तर रिंग गेलीय किंवा लायनरला भोक आहे, आणि ती दोन्ही कामं ब्लॉकच्या मानानं स्वस्तातली आहेत.

लायनरच्या भोकांबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्याकडे याला सर्रास "ब्लॉक गेला" म्हणतात. ओल्या लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा डिझेल इंजिनात लायनर चालताना थरथरतो, त्यामुळे त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि ते सारखे फुटून फुटून लायनरला आरपार टाचणीची भोकं पाडतात. नुसतं पाणी वापरलं की हे फार लवकर होतं, चांगल्या कुलंटमधली रसायनं लायनरवर थर धरून हे थोपवतात. लायनर उपसल्यावर बाहेरून एका बाजूला खड्ड्यांची रांग दिसली तर ओळखायचं. तिथं लायनर बदलायचा आणि ब्लॉकमधली त्याची बसायची जागा शाबूत आहे का तपासायचं.

तडा नेमका कुठून कुठपर्यंत

हेड खोलल्यावर आधी हेडच चेक करा, ब्लॉककडं नंतर या. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग खरवडून, डिझेलनं धुऊन, कापडानं पूर्ण कोरडा करा. मग जुनी खडूची पद्धत. पातळ रॉकेल किंवा डिझेल ब्रशनं संशयाच्या जागी लावायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, कोरड्या कापडानं घासून पुसायचं, आणि वर खडूची पूड भुरभुरवायची. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल परत वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली काळपट रेघ उमटते. डोळ्यांना जिथं काही दिसत नव्हतं तिथं ही रेघ बोल्टच्या भोकापर्यंत गेलेली दिसते. रेघेची दोन्ही टोकं खिळ्यानं मार्क करा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानात तीन डब्यांचा लाल-पांढऱ्या स्प्रेचा किट मिळतो, तोही याच तत्त्वावर चालतो, रेघ जास्त स्पष्ट येते, आणि अल्युमिनियमच्या ब्लॉकलाही चालतो. चुंबक आणि लोखंडाच्या पावडरची टेस्ट फक्त बिडाला चालते, अल्युमिनियमला नाही.

पण मोठा खर्च करायच्या आधी ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेऊन प्रेशर टेस्ट करूनच घ्या. पाण्याची सगळी भोकं रबर आणि प्लेट लावून बंद करतात, आत हवा भरतात आणि ब्लॉक पाण्यात बुडवतात. गरम पाण्यात करायला सांगा, कारण गार असताना मिटलेला तडा तापल्यावर उघडतो. बुडबुडा जिथं येतो तिथं तडा. आपण शोधलेला एक आणि टेस्टमध्ये सापडलेला दुसरा, असं बऱ्याचदा होतं, आणि एक दुरुस्त करून दुसरा ठेवला तर सगळी मजुरी परत.

जागा बघून काय ठरवायचं

बाहेरच्या भिंतीला, म्हणजे फक्त पाण्याच्या जॅकेटला तडा असेल तर रिपेअर करा. तिथं इंजिनचा जोर येत नाही, फक्त पाणी अडवायचं असतं. तडा हातभर असला तरी मी तिथं ब्लॉक बदलायला सांगणार नाही.

सिलिंडरच्या भिंतीला तडा असेल आणि इंजिन सुट्या लायनरचं असेल तर लायनर बदलला की प्रश्नच मिटला. लायनर नसलेला ब्लॉक असेल तर बोअर मोठा करून त्यात स्लीव्ह ठोकतात, हे काम चांगलं टिकतं, फक्त तडा वरच्या पृष्ठभागावर पसरलेला नसला पाहिजे आणि भिंतीत पुरेसं बीड शिल्लक पाहिजे.

वरच्या पृष्ठभागावर, दोन सिलिंडरच्या मध्ये किंवा सिलिंडरपासून हेडच्या बोल्टपर्यंत तडा असेल तर गोष्ट अवघड. तिथं जळणाऱ्या गॅसचा दाब, उष्णता आणि बोल्टची ओढ तिन्ही एकत्र येतात. मेटल लॉकिंगचं (न तापवता पिनांनी तडा शिवायचं, पुढं सांगितलंय) काम करणारा खरंच चांगला कारागीर असेल आणि तो बोल्टच्या भोकात नवीन आट्यांची बुश टाकून देत असेल तर होतं. साध्या वेल्डिंगनं नाही होत.

मेन बेअरिंग बसतं ती कमान, कॅमशाफ्टची जागा, ऑइलची मुख्य गॅलरी (ऑइल जायचा ब्लॉकमधला मुख्य रस्ता), इथं तडा असेल तर ब्लॉक सोडून द्या. हे मी अगदी ठामपणे सांगतो. तिथं रिपेअर करून इंजिन चालू होतं, आवाजही चांगला येतो, आणि नंतर लोडवर क्रँक तुटतो आणि गाडी घाटात असते. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पडली असेल तरी बहुतेक वेळा हेच, कारण दिसणाऱ्या भोकाशिवाय क्रँक, बोअर आणि कमानीलाही मार बसलेला असतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी एक जास्तीचं बघायचं. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये वेगळी चेसिस नसते, इंजिनचा ब्लॉक हाच सांगाड्याचा भाग असतो. पुढं ऍक्सलचा सपोर्ट ब्लॉकलाच बोल्ट केलेला, मागं क्लच हाउसिंग. बोल्ट सैल झालेले, त्यात लोडर लावलेला किंवा वाळूची-उसाची ट्रॉली, की ब्लॉकच्या कानाशी, म्हणजे बोल्ट बसतात त्या बाहेर आलेल्या भागाशी तडा जातो. पाणी गळत नाही, ऑइल थोडं झिरपतं, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. पण ही जागा सगळ्या ट्रॅक्टरचं वजन पेलते, म्हणून तिथलं वेल्डिंग मी मान्य करत नाही, छोटा कान असेल आणि लोड कमी असेल तर गोष्ट वेगळी.

रिपेअरच्या पद्धती

मेटल लॉकिंग किंवा स्टिचिंगमध्ये उष्णता लागत नाही. तड्याच्या आडवे खाचे पाडून त्यात लॉक बसवतात आणि तड्याच्या लांबीवर एकात एक अडकणाऱ्या आट्यांच्या पिना भरत जातात. बीड गरमच होत नाही म्हणून वाकत नाही, नवीन तडा पडत नाही. बिडासाठी माझी पहिली पसंती हीच, पण करणारा माहितगार पाहिजे, त्याचं आधीचं काम बघून या.

वेल्डिंग करायचंच असेल तर ते बिडाच्या पद्धतीनं. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे तडा पुढं सरकत नाही, तडा व्ही आकारात उघडायचा, ऑइल जाळून काढायचं, निकेलची रॉड वापरायची. मग एकतर पूर्ण ब्लॉक भट्टीत सगळीकडून सारखा ५००-६०० अंशापर्यंत तापवून काम करायचं आणि राखेत किंवा चुन्यात पुरून दिवसभर हळूहळू गार होऊ द्यायचा, नाहीतर गार पद्धतीनं एक-एक इंचाचाच टाका मारायचा, लगेच हातोडीनं हलकं ठोकायचं, हात लावता येईल इतका गार झाला की पुढचा टाका. एका दमात लांबलचक टाका मारणाऱ्याकडून ब्लॉक परत घेऊन या, टाक्याच्या बाजूनंच नवीन तडा जाणार. बाहेरच्या भिंतीला पितळ भरणंही चालतं, त्याला कमी उष्णता लागते. अल्युमिनियमचा ब्लॉक टिग वेल्डिंगनं होतो, पण तो पटकन वाकतो, नंतर पृष्ठभाग आणि बोअर मशीनवर तपासावेच लागतात.

एम-सील किंवा इपॉक्सी बाहेरच्या भिंतीवर घरी येण्यापुरतं ठीक. रेडिएटरमध्ये टाकायच्या गळती-बंद पावडरी बारीक तड्यावर काही दिवस काम करतात, पण आधीच क्षारानं अर्ध्या भरलेल्या नळ्या त्या पूर्ण भरतात. ज्याला इंजिन ठेवायचंय त्यानं टाकू नये.

कुठलंही रिपेअर झाल्यावर ब्लॉकची परत प्रेशर टेस्ट, आणि वरचा पृष्ठभाग सरळ आहे का हे पट्टी आणि फीलर गेजनं बघायचं. मर्यादा त्या त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असते, साधारण ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपास.

हिशोब

लोक इथं चुकतात. वेल्डिंगचा भाव आणि नव्या ब्लॉकचा भाव समोरासमोर ठेवतात. खरा खर्च बाकीचा असतो, इंजिन उतरवणं-चढवणं, खोलणं-बांधणं, गॅस्केट किट, बेअरिंग, रिंग-पिस्टन, क्रँक पॉलिश, हेडचं काम, ऑइल, फिल्टर, कुलंट, ने-आणीचं भाडं, आणि सीझनमध्ये गाडी उभी राहिली त्याचं नुकसान. समजा स्टिचिंगचे १५ हजार आणि बाकीचे ४५ हजार, तर रिपेअर ६० हजारांचं आहे, १५ चं नाही. आणि ते फसलं तर त्या ४५ मधले निम्म्याहून जास्त परत लागतात. म्हणून रिपेअरवाल्याला सरळ विचारा की टेस्ट करून देणार का आणि काम फसलं तर काय, आणि ते बिलावर लिहून घ्या.

बदलायचं म्हटलं तर चार वाटा. कंपनीचा नवीन ब्लॉक, सगळ्यात महाग पण डोक्याला ताप नाही, चालू मॉडेलला मिळतो. कंपनीचं रीकंडिशन केलेलं इंजिन किंवा हाफ इंजिन (हेडशिवायचं), वॉरंटीसह मिळालं तर बऱ्याचदा सगळ्यात शहाणपणाचं. जुना सुटा ब्लॉक, हा घ्यायच्या आधी तीच प्रेशर टेस्ट, बोअरचं माप आणि मेन बेअरिंगची रांग बघायची, टेस्ट नापास झाली तर परत घ्यायच्या बोलीवर. आणि जुनं पूर्ण इंजिन, यात आत काय आहे ते कळत नाही, म्हणून चालू करून, लोड देऊन, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर किती येतो ते बघूनच.

माझा आपला ठोकताळा असा आहे की सगळा मिळून खर्च चालू स्थितीतल्या त्या गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर ब्लॉकचा विचार थांबवून गाडीचाच विचार करावा. बाकी गिअर, हायड्रॉलिक, टायर चांगले असतील तर थोडं पुढं जायला हरकत नाही. जुन्या मॉडेलचे पार्ट मिळत नसतील तर रिपेअरलाच झुकतं माप द्यावं लागतं.

इन्शुरन्सवर फार भरोसा ठेवू नका. साध्या पॉलिसीत गरम होऊन झालेला बिघाड बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं ऍड-ऑन असलं तरी ते मुख्यतः पाणी शिरून झालेल्या नुकसानीला असतं, अटी वाचून मगच खोला, आणि क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअर यायच्या आधी इंजिन खोलू नका.

कागदपत्रं

इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये असे बदल आरटीओकडे नोंदवायची तरतूद आहे, ट्रॅक्टरही त्यात आला. तुमची गाडी एमएच १९ असो, १८ असो की ३९, बदल करायच्या आधीच त्या आरटीओत जाऊन कागद कोणते लागतात विचारून या. ब्लॉकचं किंवा इंजिनचं पक्कं बिल, जुन्या इंजिनाला ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत, कर्ज चालू असेल तर बँकेची परवानगी, आणि नंतर इन्शुरन्सवरही नवा नंबर चढवायचा. बिल नसलेलं इंजिन कितीही स्वस्त असू द्या, घेऊ नका, ते चोरीच्या गाडीचं निघालं तर तुम्ही अडकता. जुना नंबर नव्या ब्लॉकवर गल्लीत पंच करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

बांधताना

तडा का गेला ते सापडल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका. रेडिएटर खोलून साफ, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), फॅनचा पट्टा, पाइप, रेडिएटरचं झाकण. झाकण छोटी वस्तू वाटते पण त्याच्या दाबामुळेच पाणी १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, स्प्रिंग मेली की घाटात उकळणारच. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे सगळे देतात, तो ऐकू नका, खराब असेल तर नवीन टाका. त्याच्याशिवाय इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं आणि काही इंजिनांत पाणी चुकीच्या वाटेनं फिरून उलट जास्त गरम होतं.

आणि हेड बसवायच्या आधी ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेनं मारून पूर्ण कोरडी करायला लावा, तिथं उभं राहून करून घ्या. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला की ते दबत नाही, ब्लॉकलाच फाडतं. दुरुस्त करून आणलेला ब्लॉक बांधताना परत तडकतो त्यात हे कारण बरेचदा असतं. बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमानं, टॉर्क पान्यानं, टप्प्याटप्प्यानं आवळायचे, आणि एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर नवीनच.

कुलंट कंपनीनं सांगितलेल्या प्रकारचं आणि शुद्ध पाण्यासोबत, बोअरच्या नाही. पहिले काही तास हलक्या लोडवर चालवा, रोज सकाळी गार असताना पाण्याची पातळी आणि डिपस्टिकवर ऑइलचा रंग बघा. मॅन्युअलमध्ये हेड परत आवळायला सांगितलं असेल तर त्या तासांना परत आवळा, आणि पहिलं ऑइल नेहमीपेक्षा लवकर काढा, बरणीत धरून.